दाढीवाला काचेचा चेहरा आणि दृष्टीचं भय

तुम्ही एका दमात चार प्रश्न विचारलेत. ट्युनिसच्या बाजारातून घरी आलेला निळ्या दाढीचा, टपोऱ्या डोळ्यांचा काचेचा चेहरा कोणाचा? तो माणसाला कशापासून वाचवायचा? त्यासाठी काचच का वापरली? आणि आजकाल दुकानांच्या दारावर दिसतो तो निळा तुर्की डोळा याच घराण्यातला का? मी ज्योतीवर काचेचे मणी घडवते आणि जुन्या काचेच्या जतनाचं कामही करते. म्हणून या प्रश्नांकडे मी आधी कारागिराच्या बाजूने बघते आणि मग ग्रंथांकडे वळते.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा चेहरा कोणत्याही एका देवाची मूर्ती नाही. बघणं हे त्याचं काम. समोरून येणारी वाईट नजर अंगावर पडण्याआधी स्वतःकडे ओढून घ्यायची आणि तिला तितक्याच रोखून उलट बघायचं, यासाठी तो घडवलेला आहे. गळ्यात घालायच्या या काचेच्या लोलकांबद्दल इंटरनेटवर ‘बाल देवाचं ताईत’ (बाल हे एका जुन्या देवाचं नाव), ‘समुद्रदेवाचा मुखवटा’ असं बरंच छापून येतं. त्यातलं बहुतेक विक्रेत्यांनी जोडलेलं आहे. घडणीच्या खुणा त्याहून सरळ गोष्ट सांगतात.

हे लोलक फिनिशियन लोकांच्या जगातले. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर, सायडन या नगरांतले दर्यावर्दी पश्चिमेकडे पसरले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज, सिसिलीजवळ मोत्या, सार्डिनियात थारोस, स्पेनच्या बाजूला इबिझा अशी त्यांची ठाणी होती. काचेचे हे चेहरे या सगळ्या भागात, मुख्यतः कबरींमध्ये, सापडले आहेत. सायप्रसला आणि पार काळ्या समुद्राच्या काठापर्यंतही ते पोहोचले. इ.स.पू. ७व्या शतकाच्या आसपास ते दिसू लागतात आणि हेलेनिस्टिक, म्हणजे सिकंदरानंतरच्या ग्रीक राज्यांच्या, काळापर्यंत चालू राहतात. सुरुवातीचे लहान, मुखवट्यासारखे, फक्त डोळे आणि तोंड असलेले. इ.स.पू. ४थ्या-३ऱ्या शतकातले मात्र थाटाचे आहेत: कपाळावर कुरळ्या बटांची रांग, कानात डूल, खाली पिळांची दाढी. बहुतेक २ ते ४ सेंटीमीटरचे, काही मोठे ६ सेंटीमीटरच्या पुढचे. सार्डिनियातल्या ओल्बियाला मिळालेला आणि आता काल्यारीच्या संग्रहालयात असलेला या जातीचा हार फोटोत तरी जरूर पाहा. कारखाने कार्थेजला होते की पूर्वेकडे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला स्वतःला एकच केंद्र असण्यापेक्षा फिरते कारागीर जास्त संभवनीय वाटतात, कारण या कामाला लागणारी हत्यारं एका झोळीत मावतात.

आता घडण. धातूच्या सळईच्या टोकाला बारीक मातीचा लेप देतात, म्हणजे काच धातूला चिकटून बसत नाही. लेप पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर आतली वाफ काच उडवते. मग मऊ झालेली गडद काच सळईभोवती गुंडाळून एक जाडसर नळकांडं तयार करायचं. हे डोकं. त्यावर चेहऱ्याच्या जागी पांढऱ्या किंवा पिवळ्या काचेचा थर. नाक चिमट्याने ओढून काढलेलं, नाहीतर एक थेंब चिकटवून दाबलेलं. ओठ म्हणजे काचेच्या धाग्याचे दोन तुकडे. भुवया म्हणजे निळा धागा. केसांची एकेक बट वेगळी करून लावलेली, चकलीच्या वेटोळ्यासारखी. शेवटी डोक्यावर कडी. काम संपलं की लोलक सावकाश निववायचा आणि सळईवरून काढायचा. सळई होती तिथे पोकळी राहते आणि तिच्या भिंतीला मातीचा खरखरीत थर चिकटलेला राहतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण हे सगळं काम गरम असतानाच करावं लागतं. एक बट लावेपर्यंत दुसरी बाजू निवली, की पुढचा गरम थेंब टेकताक्षणी ती तडकते. आज आमच्याकडे गॅसची ज्योत असते, तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी असते. त्या कारागिराकडे लाकडावर चालणारी छोटी भट्टी आणि फुंकणारा मदतनीस. त्यात निळी, पांढरी, पिवळी काच वेगवेगळ्या उष्णतेला मऊ होते आणि निवताना वेगवेगळी आकसते. दोन काचांचं आकसणं जुळलं नाही तर लोलक त्या दिवशी शाबूत दिसतो आणि काही दिवसांनी आपोआप तडा जातो. दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेला असा चेहरा पाहिला की मला आधी त्या माणसाचं काच निवडण्याचं ज्ञान दिसतं. सौंदर्य त्यानंतर.

आणि मुख्य गोष्ट डोळ्यांची. या लोलकांत नाक कित्येकदा वेडंवाकडं असतं, कान कधी नुसते गोळे असतात, डोळ्यांत मात्र तडजोड दिसत नाही. आधी पांढरी चकती, तिच्यावर मधोमध गडद निळी किंवा काळपट चकती, दोन्ही डोळे एका पातळीत, चेहऱ्याच्या मानाने फार मोठे आणि पुढे आलेले. पापण्या जवळजवळ नसतात, त्यामुळे डोळा मिटू शकेल असं वाटतच नाही. कामात हात आवरता घ्यायचा तर कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, हे कारागिराला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक डोळ्यांचे पैसे देत होतं. शिवाय मणी दोऱ्यावर गिरकी घेतो, पण डोक्यावर कडी असलेला लोलक गळ्यात सरळ लोंबतो, त्याचा चेहरा उभाच राहतो.

त्याच काळातले डोळ्यांचे मणी घेतले तर हाच विचार दुसऱ्या रीतीने सोडवलेला दिसतो. मणी फिरणारच, तर त्याच्या सगळ्या बाजूंना डोळे. एकावर एक थर दिलेले ठिपके, निळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर निळा, कधी पुन्हा एकदा तेच. कसाही वळला तरी कोणता ना कोणता डोळा बाहेर बघतोच.

मग चेहरा कोणाचा? काहींनी तो बाल हम्मोनचा मानला, कारण कार्थेजचा हा मोठा देव दाढीवाला दाखवत. पण देव ओळखू यावा म्हणून त्या काळचे लोक खुणा देतात: सिंहासन, मुकुट, हातातली वस्तू, आशीर्वादाचा हात. काचेच्या चेहऱ्यांत यातलं काही नाही. दुसरं म्हणजे याच पद्धतीने, याच काचेत स्त्रियांची डोकी आहेत, आफ्रिकी चेहऱ्याचे पुरुष आहेत, मेंढ्याची डोकी आहेत, कोंबडे आहेत. एका देवाची उपासना म्हणावी तर ही मंडळी तिथे कशाला? मला जास्त जवळचं नातं दिसतं ते कार्थेज, मोत्या, सार्डिनिया इथल्या भाजलेल्या मातीच्या मुखवट्यांशी. ते तोंड वेंगाडलेले, सुरकुतलेले, दात विचकणारे मुखवटे आहेत, आणि वाईटाला बिचकवून लावणं हा त्यांचा हेतू मानला जातो. सुरुवातीचे काचेचे चेहरे त्यांच्याच जातीचे वाटतात. पुढे कारागिरांचा हात सुधारला, फॅशन बदलली, आणि राक्षसी मुखवट्याचा रुबाबदार दाढीवाला झाला. डोळे तेच राहिले.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की फिनिशियन लोक आपल्या युद्धनौकांच्या नाळेवर पताइकोई नावाच्या बुटक्या आकृती बसवत. गलबताच्या नाळेवर ठेंगू रक्षक, गळ्यात मोठ्या डोळ्यांचा चेहरा. दोन्हीकडे कल्पना एकच: जे पुढे आहे, ज्याच्यावर पहिली नजर पडणार आहे, तिथे रक्षक बसवायचा.

आता भय कशाचं होतं, ते बघू. फिनिशियन लोकांचं स्वतःचं लिखाण फार थोडं उरलंय. पण त्याच समुद्राकाठच्या ग्रीक आणि रोमन लोकांनी भरपूर लिहिलंय. रोमन कवी व्हर्जिलच्या एका गोपगीतात मेंढपाळ म्हणतो, माझ्या कोवळ्या कोकरांना कोणाची तरी नजर लागलीय. आणि ग्रीक लेखक प्लुटार्कने, जो इ.स. १०० च्या आगेमागे लिहीत होता, मेजवानीतल्या चर्चांच्या आपल्या ग्रंथात, पाचव्या भागाच्या सातव्या प्रश्नात, या विषयावर एक पूर्ण संभाषण दिलंय. पाहुणे नजर लागण्याच्या समजुतीची थट्टा करतात. यजमान फ्लोरस त्यांना अडवतो. कारण सांगता येत नाही म्हणून अनुभव खोटा ठरवू नका, असं त्याचं म्हणणं. मग चर्चा रंगते: डोळ्यांतून काहीतरी सूक्ष्म प्रवाह बाहेर पडतो, मत्सराने तो विषारी होतो, आणि लहान मुलांची अंगं कोवळी असल्यामुळे त्यांना तो पटकन बाधतो.

त्याच संभाषणात ताइतांबद्दल एक वाक्य येतं, जे माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. ताइताचं विचित्र रूप नजरेला स्वतःकडे खेचतं, त्यामुळे ज्याच्यावर ती पडायची त्याच्यावर तिचा जोर कमी पडतो, असं तिथे म्हटलंय. म्हणजे ताईत विचित्र दिसणं हा दोष नाही, तोच त्याचा गुण. निळी दाढी, पिवळा चेहरा, ताटाएवढे डोळे हे सगळं मुद्दाम. बघणाऱ्याचं लक्ष बाळाच्या गालावरून उडून त्या चेहऱ्यावर बसलं पाहिजे.

त्याच चर्चेत आणखी एक गोष्ट आहे जी मराठी घरात कोणालाही लगेच कळेल. नजर फक्त शत्रूची लागत नाही, जवळच्यांचीही लागते. काही बाप असे मानले जात की त्यांच्या बायका त्यांना स्वतःचीच मुलं फार वेळ बघू देत नसत. आपल्याकडे ‘माझीच दृष्ट लागेल गं’ म्हणत आई बाळाच्या गालावर काजळाचं बोट लावते, ती याच भयाने. गालबोट लावून चांगल्या चेहऱ्यात मुद्दाम एक खोट ठेवायची. अँटिओक शहरात, आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात, इ.स. ४थ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम बायकांवर चिडून बोलला, त्यात नेमकं हेच आहे: मुलांच्या हाताला घंटा आणि लाल दोरे बांधता, आणि दाया-दासी न्हाणीघरातला चिखल बोटाने घेऊन मुलाच्या कपाळाला फासतात, दृष्ट लागू नये म्हणून! हा चिखलाचा टिळा आणि आपली तीट एकमेकांकडून उचललेली आहेत असं मी म्हणणार नाही. भय सारखं असलं की उपाय सारखे सुचतात.

त्याच अँटिओकमध्ये त्याच्या आधीच्या काळातल्या, इ.स. २ऱ्या शतकातल्या एका घरात फरशीवर एक चित्र होतं. मोठा एकटा डोळा, आणि त्याच्यावर चहूबाजूंनी हल्ला: त्रिशूळ, तलवार, विंचू, साप, कुत्रा, गोम, पक्षी. बाजूला पाठमोरा बुटका आणि वर ग्रीक अक्षरं, ‘तूही’. म्हणजे जे माझं वाईट चिंतशील ते तुझं होवो. हा मोझेक हाताय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. काचेचा चेहरा जे काम गळ्यात करत होता, ते काम इथे घराच्या जमिनीवर चाललंय. फरक पद्धतीचा आहे. मोझेकमध्ये नजरेला टोचून मारलंय. काचेच्या चेहऱ्यात तिला डोळ्याने डोळा भिडवून थोपवलंय. मला दुसरी पद्धत जास्त धीट वाटते.

तिसरा प्रश्न: काचच का? इथे आधी इजिप्तकडे जावं लागतं, कारण ताइतांचं शास्त्र तिथे सगळ्यांत बारकाईने मांडलेलं आहे. मृतांच्या ग्रंथात कोणतं ताईत कोणत्या दगडाचं हवं हे सांगितलेलं असतं; आयसिस देवीची गाठ लाल जास्पर दगडाची असावी असं १५६ व्या मंत्रात येतं. आणि प्रत्यक्षात ती गाठ लाल काचेतही बनलेली मिळते. गुण रंगात आहे, रंग बरोबर आला की गुण आला, असा हा हिशोब होता. तिथे काच हा गरिबांचा नकली माल नव्हता. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावरचे निळे पट्टे काचेचे आहेत. राजाला अस्सल लाजवर्द (मोलाचा निळा दगड) परवडत नव्हता असं तर कोणी म्हणणार नाही.

कच्ची काच तेव्हा धातूसारखी लाद्यांच्या रूपात फिरत होती. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, उलुबुरून इथे, इ.स.पू. १३०० च्या सुमारास बुडालेल्या जहाजात काचेच्या सुमारे १७५ लाद्या मिळाल्या, गडद निळ्या आणि फिरोजी. फिनिशियन काळात काचेचं रसायन बदललं होतं. समुद्राची वाळू, तिच्यातले शिंपल्यांचे कण, आणि इजिप्तच्या वादी नात्रुनमधला नात्रुन नावाचा नैसर्गिक क्षार. रोमन लेखक प्लिनीने ती प्रसिद्ध गोष्ट सांगितलीय: बेलस नदीच्या मुखाशी व्यापाऱ्यांनी नात्रुनच्या ढेकळांची चूल मांडली, स्वयंपाक केला आणि चुलीखालून काच वाहू लागली. उघड्यावरच्या चुलीत एवढी आच धरत नाही, त्यामुळे गोष्ट जशीच्या तशी घेऊ नका. जिन्नस मात्र त्यात बरोबर आहेत. निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, अपारदर्शक पांढरा आणि पिवळा अँटिमनीचा.

रंगांबद्दल एक समज दुरुस्त करते. ‘निळ्या डोळ्यांच्या परक्यांची नजर वाईट मानत, म्हणून ताईत निळं’ असं सर्रास सांगितलं जातं. पण जुन्या डोळ्यांच्या मण्यांत पिवळ्या अंगाचे मणीही भरपूर आहेत. निळ्याचा मान त्याहून फार जुना, लाजवर्द आणि फिरोजाच्या मोलातून आलेला. निळा म्हणजेच दृष्टमणी हे समीकरण पुढच्या काळातलं.

माझ्या मते काच निवडण्याचं सगळ्यांत मोठं कारण मात्र चकाकी. ओला डोळा चमकतो. दगड कितीही घासला तरी डोळ्याचा पांढरा भाग आणि काळी बाहुली एकाच तुकड्यात नेमकी हवी तिथे मिळत नाही. भाजलेल्या मातीला रंग देता येतो, पण तो मेलेला दिसतो. काचेत पांढऱ्यावर निळा थेंब ठेवला, तो वितळून किंचित फुगीर बसला, की दिव्याच्या उजेडात त्यात एक ठिणगी उभी राहते. असा डोळा स्वतः घडवला की ती ठिणगी दर वेळी दिसते, आणि दर वेळी थोडं दचकायला होतं.

आपल्याकडचा धागाही इथेच. इ.स. १ल्या शतकातल्या, लाल समुद्र आणि हिंदी महासागराच्या व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कच्ची काच नोंदलेली आहे. त्याच बंदराला पैठणहून ओनिक्सचे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून जात असे, असंही त्यात आहे. म्हणजे भूमध्य समुद्राकाठची काच जिथे उतरत होती, त्या वखारीशी आपल्या पैठण-तेरचा रोजचा व्यवहार होता. यावरून दाढीवाले चेहरे मराठवाड्यात आले असं कोणी म्हणू नये. तोपर्यंत त्यांचा काळ संपला होता आणि आपल्या भूमीत मण्यांची स्वतःची भरभक्कम परंपरा होती.

एक गोष्ट फोटोंमुळे हमखास निसटते. संग्रहालयं हे चेहरे एकेकटे मांडतात, म्हणून आपण एकेकट्याचा अर्थ शोधत बसतो. गळ्यात ते क्वचितच एकटे असत. प्यूनिक, म्हणजे कार्थेजकडच्या फिनिशियन लोकांच्या, कबरींतल्या माळांत डोळ्यांचे मणी असतात, इजिप्शियन पद्धतीचा वजात, म्हणजे होरस देवाचा रक्षक डोळा असतो, बेस हा बुटका देव असतो, स्कॅरब म्हणजे भुंग्याच्या आकाराचे ताईत असतात, कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणी, शंख-शिंपले असतात. जन्मापासून गोळा होत गेलेली संरक्षणाची सगळी पुंजी एका दोऱ्यात. यातल्या एका मण्याला ‘याचा अर्थ अमुक’ अशी चिठ्ठी लावली की बाकीच्यांचं बळ आपण बाजूला काढून टाकतो. आजी बाळाच्या मनगटावर काळे मणी बांधते, गळ्यात बजरबट्टू आणि वाघनख घालते, तेव्हा यातलं नेमकं कोणतं काम करतंय असं ती विचारत नाही.

तुमच्या हातातला चेहरा खरा की नवा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. नवा असण्याची शक्यता फार मोठी. कार्थेजचा हा दाढीवाला ट्युनिशियात सगळीकडे स्मृतिचिन्ह म्हणून विकला जातो. आणि खरा असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण तिथून पुरावस्तू परवान्याशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि असा प्रत्येक तुकडा बहुधा कोणाची तरी कबर उकरून आलेला असतो. कबर उकरली की त्याच्यासोबतची माळ, ती कोणाच्या गळ्यात होती, मूल होतं की बाई, हे सगळं कायमचं गेलं.

घरी बघण्यासारख्या खुणा सांगते. खालून पोकळी पाहा. आजच्या पोलादी तारेवर केलेल्या लोलकाला आरपार बारीक, सरळ, एकसारखं भोक असतं आणि आत पांढरी भुकटी. जुन्यात पोकळी रुंद असते आणि आतला थर मातकट, काचेशी एकजीव झालेला. मग पृष्ठभाग. जमिनीत राहिलेल्या काचेतला क्षार ओलाव्याने निघून जातो आणि वर पापुद्रे सुटतात. कुठे इंद्रधनुषी झाक, कुठे खडबडीत खड्डे. हे खोल भागात जास्त आणि घासल्या जाणाऱ्या भागात कमी असतं. नकली जुनेपणा आम्लात बुडवून आणतात, तो सगळीकडे सारखा पसरतो. शंका उरलीच तर क्ष-किरणांनी मूलद्रव्यं तपासता येतात, वस्तूला न दुखवता. पांढऱ्या-पिवळ्या रंगात अँटिमनी दिसणं जुन्या काचेला धरून आहे. साधारण इ.स. ४थ्या शतकापासून त्या जागी कथिल येऊ लागतं. झगझगीत लाल-नारिंगीत कॅडमियम आणि सेलेनियम निघालं तर काच आधुनिक, वाद संपला. आणि कृपा करून तो चिंचेने, व्हिनेगरने किंवा टूथपेस्टने घासू नका. जुना असेल तर पापुद्र्यांसकट त्याचा मूळ पृष्ठभागच निघून जाईल.

दाढीवाल्यांचं पुढे काय झालं? इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज उद्ध्वस्त केलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर नळीने फुंकून काच फुगवण्याची कला निघाली. जेरुसलेमला तिचे सगळ्यांत जुने अवशेष मिळालेत. काच स्वस्त झाली. रोममध्ये तांब्याच्या नाण्याला काचेचा प्याला मिळतो असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. एकेक बट लावून चेहरा घडवणं त्या बाजारात टिकणं कठीणच होतं.

पण काचेचं ताईत मेलं नाही, त्याने सोपं रूप घेतलं. इ.स. ४थ्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइन भागात छोट्या गोल चकत्या दिसू लागतात, जेमतेम २ सेंटीमीटरच्या, मधाच्या रंगाच्या किंवा निळ्या. मऊ काचेच्या थेंबावर धातूचा ठसा दाबायचा, वरचं टोक ओढून मागे वळवायचं, कडी तयार. ठसे पाहिले की मन प्रसन्न होतं: कुठे चंद्रकोर आणि ताऱ्याखाली सिंह, कुठे ग्रीक पुराणातल्या, सापांच्या केसांच्या मेदुसाचा चेहरा, कुठे ज्यूंचा सात फाट्यांचा दिवा, कुठे खांद्यावर कोकरू घेतलेला ख्रिश्चनांचा मेंढपाळ. काच तीच, कडी करण्याची लकब तीच, फक्त ठसा बदललेला. एकाच भट्टीवर तिन्ही धर्मांची गिऱ्हाइकं येत असावीत, असंच मला हे काम बघून वाटतं. वर धर्मगुरू काहीही सांगोत. लाओडिसियाच्या ख्रिस्ती धर्मसभेने पाद्र्यांनी ताइतं बनवू नयेत असा नियम केला, म्हणजे ते बनवत होते. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या नियमग्रंथात शब्बाथच्या (विश्रांतीच्या पवित्र) दिवशी घालून बाहेर पडायचं ताईत जाणकाराने केलेलं असावं अशी अट आहे, आणि त्या नियमांवर चर्चा करणाऱ्या तालमूद या ग्रंथातली चर्चा तीनदा गुण आलेलं ताईत सिद्ध मानते. इतक्या गंभीरपणे लोक ही वस्तू पारखत होते.

राहिला तुर्की डोळा. भय आणि उपाय या दृष्टीने तो याच कुळातला आहे, यात शंका नाही. कारागिरीचा धागा मात्र कार्थेजपासून अखंड दाखवता येत नाही. आजचा चपटा निळा डोळा मुख्यतः इझमीरच्या आसपासच्या गोरेजे आणि नझरकोय या गावांतल्या भट्ट्यांचा, आणि तिथली परंपरा १९व्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आलेल्या कारागिरांनी रुजवली असं सांगतात. पाइनच्या लाकडावरची भट्टी, हातात लोखंडी सळया, निळा गोळा गुंडाळून दाबायचा, त्यावर पांढरा, फिकट निळा आणि शेवटी काळा थेंब. कृती पाहिली की नातं ओळखता येतं: सळई, वेढा, थरावर थर. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे कारागीर हाताने काचेचे मणी करतात, डोळ्यांचेही. तुम्हाला घालायला हवा असेल तर असा, माणसाने ज्योतीवर वळलेला घ्या. साच्यातल्या डोळ्यात बाहुली अगदी मधोमध असते. हाताच्या डोळ्यात ती केसभर इकडेतिकडे सरकलेली असते, आणि थर एकमेकांवर किंचित उंच बसलेले बोटाला लागतात.